हात वर होतो का?

आमच्या ओसरीवर विळे-खुरपी अडकवायच्या खुंटीशेजारी एक प्लास्टिकचे चिलखत टांगलेले आहे. त्याचा सोनेरी रंग आता उडाला आहे. काखेजवळचा भाग कापलेला, कडेला जुन्या धोतराची पट्टी शिवलेली, पाठीवर नवारीचा पट्टा. नवा पाहुणा आला की विचारतो, "साहेब, हे काय? नाटकात काम करता की काय?" मी म्हणतो, "नाही हो, हे माझ्या नोकरीतले सामान आहे." पाहुणा हसतो. पण मी थट्टा करीत नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी विस्ताराच्या कामाला लागलो, त्याला तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत जे शिकायचे राहून गेले होते, ते मला या चिलखताने शिकवले. त्याचीच ही हकिकत.

गोष्ट २०१८ सालच्या फेब्रुवारीतली. आमचे गाव अंबड तालुक्यात. कपाशी, तूर आणि थोडीफार मोसंबी असलेले साधे गाव. त्या वर्षी १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला शाळेतल्या मुलांची मिरवणूक काढायची, त्यात बारा मावळे अंगात चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून चालतील, असे तरुण मंडळींनी ठरवले. वर्गणी निघाली. शहरात नाटकाचे कपडे विकणाऱ्या एका दुकानातून बारा संच आले. छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा, खांद्यावरचे दोन तुकडे, मनगटाचे पट्टे आणि टोप. सगळे पातळ प्लास्टिकचे, सोनेरी रंगाचे. दिसायला झकास! पोरे तर हरखूनच गेली.

मिरवणुकीच्या चार दिवस आधी तालीम झाली. शाळेच्या पटांगणात बारा पोरे सजून उभी राहिली. पहिल्या पाच मिनिटांत एकाने टोप काढला, कारण तो डोळ्यांवर येत होता. दहा मिनिटांत दोघे-तिघे अंग खाजवू लागले. अर्ध्या तासाने पाहतो तो बारापैकी सात चिलखते पिंपळाच्या पारावर पडलेली! गुरुजी रागावले. "अरे, मावळे म्हणवता आणि एवढेसे सोसत नाही?" मीही तिथेच होतो. मीही गुरुजींच्या सुरात सूर मिसळला. सरकारी नोकरीत उपदेशाची सवय लागतेच.

त्या सात जणांत माझा पुतण्या होता, धाकट्या भावाचा मुलगा. तेव्हा तो पाचवीत होता. मी त्याला बाजूला घेऊन दटावले. त्याने सदरा वर करून दाखवला. दोन्ही काखांत लाल वळ उठले होते, एका ठिकाणी कातडी सोलवटली होती. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "काका, ह्यात हातच वर होत नाही. तलवार उचलू कशी?"

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी जागच्या जागी उभा राहिलो. कारण पाच महिन्यांपूर्वी हेच वाक्य, याच शब्दांत, मी ऐकले होते. तेव्हा ते पोराच्या बापाने म्हटले होते, आणि ते दवाखान्याच्या खाटेवरून म्हटले होते.

२०१७ चा पावसाळा कापूस पिकवणाऱ्यांच्या अजून लक्षात असेल. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणे आणि अंगावर संरक्षण नाही, अशी कारणे तेव्हा पुढे आली. त्या बातम्या वाचून मी माझ्या गावोगावच्या बैठकांत घसा फोडून सांगत होतो, "बाबांनो, तोंडाला मास्क लावा, डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे घाला, अंगरखा घाला." एका शिबिरात वाटपासाठी आलेल्या संचांपैकी एक मी धाकट्या भावालाही दिला होता. घरची शेती तोच पाहतो. दिला आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो.

भाद्रपदात एका दुपारी शेतातून माणूस धावत आला. भाऊ बांधावर बसून ओकत होता. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक. कपडे काढले, साबणाने अंग धुतले, औषधाची बाटली बरोबर घेतली आणि गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बाटलीवरचे नाव वाचले आणि ताबडतोब उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला. थोरामोठ्यांची पुण्याई म्हणायची.

तो संच कुठे होता? शेतातल्या बाभळीला टांगलेला! मी खाटेशेजारी बसून त्याला नको नको ते बोललो. "अरे, घरात शेतकी खात्याचा माणूस असून तू असे करावेस? लोक मला काय म्हणतील?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, त्यात हातच वर होत नाही. कपाशी डोक्याच्या वर, नळी उंच धरावी लागती. काखेत काचतं, पंपाचा पट्टा त्याच्यावर बसून आणखी रुततो. घातला होता मी, दोन ओळी झाल्या अन् काढला." मी काय म्हणालो, ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हणालो, "जिवापेक्षा तुला काख मोठी झाली का?"

आणि आता त्याचे पोर पारापाशी उभे राहून तेच सांगत होते. बापाला मी दटावले, लेकालाही दटावले. कुठे टोचते, हे दोघांपैकी एकालाही विचारले नाही.

त्या संध्याकाळी मी बाराही चिलखते आमच्या ओसरीवर आणून ठेवली. गावात एक जुने चर्मकार आहेत, सगळे गाव त्यांना मामा म्हणते. त्यांच्या हातचा जोडा कुणाला कधी चावला नाही, अशी त्यांची ख्याती. मी त्यांना बोलावणे पाठवले. मामा आले, एक चिलखत उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यात खोट न्हाई. हे कुनाच्याच मापाचं न्हाई, येवढंच." साच्यात ओतलेला माल असा असतो. तो सगळ्यांसाठी असतो, म्हणून एकालाही बसत नाही.

मग चार संध्याकाळी आम्ही दोघांनी जे केले, ते येथे सविस्तर सांगतो. आता गावोगाव शिवजयंतीला, गणपतीच्या देखाव्यांना, शाळेच्या स्नेहसंमेलनाला असली चिलखते येतात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, कात्री हातात घेण्याआधी पोराला चिलखत घालून उभे करावे, आणि तेही आत सुती बनियन आणि सदरा घालून. उघड्या अंगावर माप घेतले, तर मिरवणुकीच्या दिवशी सदऱ्यावर ते घट्ट होते. मग त्याला तीन कामे सांगावीत. एक, वाकून मुजरा कर. दोन, मांडी घालून बस. तीन, तलवार उचलल्यासारखा हात डोक्यावर ने. मुजऱ्याला वाकला की छातीच्या पत्र्याची वरची कड गळ्याला लागते का, ते दिसते. मांडी घातली की खालची कड मांडीवर टेकून सगळे चिलखत हनुवटीकडे वर सरकते. हात वर नेला की काखेतली कड रुतते. जिथे लागले तिथे खडूने खूण करावी. मामांनी चौथे काम सांगितले. "पोराला छाती भरून हर हर महादेव म्हनू द्या." घोषणा देताना बरगड्या फुगतात. श्वास सोडून घेतलेल्या मापात घोषणा निघत नाही, नुसती शीळ निघते.

दुसरी गोष्ट, आधी कागद कापावा, मग प्लास्टिक. वर्तमानपत्राचे पान चिलखतावर ठेवून खुणेप्रमाणे आकार कापावा आणि तो पोराच्या अंगावर लावून पाहावा. कागद चुकला तर दुसरा कागद आहे. प्लास्टिक चुकले तर वर्गणी गेली. डावी बाजू बसली की तोच कागद उलटा करून उजव्या बाजूला वापरावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात.

तिसरी गोष्ट, एका दमात कापू नये. मामा म्हणत, "ज्वारीच्या दान्याएवढं काप, घालून बघ, परत काप." कापलेले परत जोडता येत नाही. पहिल्या चिलखताला मी घाई केली. बोटभर एकदम कापले आणि काखेशी एवढे खिंडार पडले की आतला सदरा बाहेर डोकावू लागला. तेच हे आमच्या खुंटीवरचे चिलखत. ते पुढे कुणाच्या उपयोगी पडले नाही. माझ्या उपयोगी पडले.

प्लास्टिकही दोन जातींचे असते. एक वाकवले की मुकाट्याने वाकते. ते शिंप्याच्या मोठ्या कात्रीने सरळ कापावे. दुसरे वाकवले की त्यावर पांढरी रेघ उमटते आणि मग ते कडकन मोडते. त्याला कात्री लावू नये. पट्टी धरून पात्याने त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा हलके ओढावे आणि खोबण पडली की तुकडा वाकवून मोडून घ्यावा. कुठले कसे आहे, हे न दिसणाऱ्या खालच्या कडेवर आधी अजमावून पाहावे. मामा हे सगळे त्यांच्या रापीने करीत होते, आणि त्यांचा हात असा चाले की माझी कात्री मी गुपचूप खाली ठेवली.

चौथी गोष्ट, आतला कोपरा कधीही काटकोनात कापू नये. तो गोल घ्यावा. शेताच्या बांधाला जिथे अवघड कोपरा असतो, तिथेच पाणी पहिल्यांदा फोडते, हे आपण जाणतो. प्लास्टिकचेही तसेच आहे. ताण टोकाच्या कोपऱ्यात गोळा होतो आणि चीर तिथूनच धावते. चीर पडलीच असेल, तर तिच्या शेवटच्या टोकाला बारीक गोल भोक पाडावे. चीर भोकापाशी येऊन सहसा थांबते.

पाचवी गोष्ट कडेची. कापलेली कड पात्यासारखी असते. काचपेपरने आधी जाड, मग बारीक घासून ती बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत मोडावी. पण त्यावर थांबू नये. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवायला निघालो होतो. मामांनी हात धरला. "घामानं सुटंल. शिवून टाका." त्यांनी आरीने कडेपासून जरा आत ओळीने भोके पाडली, जुन्या धोतराची पट्टी दुमडून कडेवर बसवली आणि मेणदोऱ्याने शिवली. सुती कापड घाम पिते, रबर पीत नाही, हे शेतकी पदवीधराच्या आधी मामांना ठाऊक होते.

सहावी गोष्ट वाकवण्याची. छातीचा पत्रा काही पोरांना चपटा पडत होता, काहींना फुगीर. सोसेल एवढ्या गरम पाण्यात फडके भिजवून त्या जागी ठेवावे, प्लास्टिक नरमले की हळूच वाकवून गार होईपर्यंत तसेच धरावे. हे काम मोठ्या माणसाने करावे, आणि चिलखत पोराच्या अंगावर असताना मुळीच करू नये. चुलीवर किंवा दिव्यावर तर कधीच धरू नये. ते पेटते, आणि काही प्लास्टिकचा धूर छातीला फार वाईट असतो.

सातवी गोष्ट पट्ट्यांची. दुकानातून आलेल्या चिलखतांना बारीक सुतळीसारखे बंद होते. ते खांद्यात रुतत. आम्ही दोन बोटे रुंद नवार लावली. खांद्यावरून पाठीवर फुली करून कमरेला बांधली. त्यामुळे ओझे एका जागी न राहता खांदा आणि कंबर यांत वाटले गेले. पट्ट्याला भोके तीन-तीन ठेवली, कारण पोर वर्षाला वाढते, चिलखत वाढत नाही. अंग आणि पट्टा यांत दोन बोटे सहज जावीत, हे माप. टोपाच्या आत कापडाची गुंडाळी करून कडे शिवले, म्हणजे तो डोळ्यांवर घसरेना. हनुवटीची नाडी मात्र ओढताच सुटेल अशा गाठीची ठेवली. पळता पळता टोप कुठे अडकला, तर गळ्याला फास बसू नये.

शेवटची गोष्ट उन्हाची. आमच्याकडे फेब्रुवारीतही दुपारचे ऊन तिशी ओलांडते. प्लास्टिकमधून घाम वाळत नाही. पाठीच्या पत्र्यावर, कापडी झुलीखाली झाकतील अशी, आम्ही ओळीने भोके पाडली. गुरुजींना विनंती करून मिरवणूक सकाळी आठला ठेवली, आणि वाटेत तीन ठिकाणी पाण्याचे माठ ठेवले.

ही चार संध्याकाळची कामे चालली असताना ओसरीवर गाव जमे. एका संध्याकाळी इतिहासाच्या गप्पा निघाल्या. आपला मुलूखही त्या इतिहासातलाच. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा जालन्याहून जवळच, आणि खुद्द जालन्याच्या पेठेवर महाराजांनी १६७९ साली स्वारी केली होती. बोलता बोलता प्रतापगड निघाला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, असे वर्णन इतिहासात येते. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गुरुजी म्हणाले, "चिलखताने वार अडवला." मामा रापीला धार लावीत होते. मान वर न करता म्हणाले, "अन् हातबी वर झाला न्हवं?"

ओसरीवर सगळे गप्प झाले. खरेच की! वार अडवणे हे चिलखताचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे आतल्या माणसाला त्याचे काम करू देणे. साखळीचे चिलखत लोखंडी कड्यांचे असते. कडी काढून किंवा जोडून ते अंगाच्या बेताचे करता येते. मराठा स्वार कापूस भरून शिवलेले जाड अंगरखेही वापरीत. लढणाऱ्यांना हे ठाऊक होते की अंगाला न बसणारे कवच वैऱ्याच्या आधी आपल्यालाच अडवते. महाभारतातल्या कर्णाला कवच जन्मतःच अंगाबरोबर मिळाले होते. बाकी आपण सगळे बाजारातून आणणारे. आपल्याला ते बेतूनच घ्यावे लागणार.

१९ तारखेला सकाळी मिरवणूक निघाली. बारा मावळे शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि तेथून वेशीपर्यंत चालले. एकाही पोराने चिलखत काढले नाही. वेशीपाशी माझ्या पुतण्याने लाकडी तलवार उचलली, पार डोक्याच्या वर, आणि "हर हर महादेव" अशी आरोळी ठोकली. त्याचा बाप गर्दीत उभा होता. दवाखान्यातून आल्यापासून तो जरा खंगलाच होता. त्याने माझ्याकडे पाहिले. बोलला काही नाही. मीच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी तो फवारणीचा संच काढला आणि भावाला ओसरीवर उभे केले. "घाल," म्हणालो, "आणि पाठीवर पंप घे. रिकामाच घे, पण घे." मग पोरांना सांगितली तीच कामे त्याला सांगितली. वाक. बस. नळी डोक्याच्या वर धर. पाच मिनिटांत सगळे कळले. भाऊ खांद्याने रुंद, संच बारीक अंगाच्या माणसाचा. हात वर केला की बाही मनगटापासून चार बोटे मागे सरके आणि हातमोजा व बाही यांच्यामध्ये उघडे मनगट दिसे. म्हणजे नुसते काचत होते असे नाही, विष आत जायला दारही उघडे होते. पाच महिने मी ज्याला निष्काळजी म्हणत होतो, तो माणूस बरोबर बोलत होता.

येथे एक गोष्ट जाड अक्षरात लिहावी अशी आहे. मिरवणुकीच्या चिलखताला आम्ही कात्री लावली आणि भोके पाडली, ती फवारणीच्या कपड्यांना कधीही लावू नये. मिरवणुकीचे चिलखत शोभेचे. त्यातून काही आत आले तर वाराच येईल. फवारणीचा अंगरखा कापला किंवा टोचला, तर तो अंगरखाच राहिला नाही. तिथे बेतण्याची रीत वेगळी. आपल्या मापाचा संच मागून घ्यावा, आणि पंप पाठीवर घेऊन, हात वर करून, वाकून पाहिल्याशिवाय तो पसंत करू नये. आत घाम पिणारे सैल सुती कपडे घालावेत. उंच पिकावर नळी वर धरून फवारणार असाल, तर हातमोजा बाहीच्या वर घेऊन त्याची कड बाहेर दुमडावी, म्हणजे ओघळ बाहीत उतरत नाही. बुटक्या पिकावर हात खाली असतो, तेव्हा बाही मोज्याच्या वर घ्यावी. विजार नेहमी बुटाच्या बाहेर असावी, आत खोचू नये. पंपाचे पट्टे अंगरख्यावरून बसतील असे आधीच सैल करून घ्यावेत. आणि उकाड्यावर उपाय म्हणजे कपडे काढणे नव्हे. वेळ बदलणे हा उपाय आहे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा मंद असताना आणि तो पाठीकडून येत असताना फवारावे. वाऱ्याच्या तोंडी जाऊ नये.

एवढे करूनही मळमळ, चक्कर, फार घाम, लाळ, अंधारी असे काही जाणवले, तर "थोडा वेळ बसतो, बरे वाटेल" म्हणू नये. काम तिथेच सोडावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठावा. आपल्या मनाने ओकारी काढू नये. बाटलीमुळेच माझ्या भावाला वेळेवर नेमका उपचार मिळाला.

त्या दिवसापासून माझ्या बैठकांची तऱ्हा बदलली. आधी मी अर्धा तास बोलत असे आणि शेवटी संच दाखवत असे. आता मी दोघा-तिघांना उभे करून संच घालायला देतो आणि विचारतो, "हात वर होतो का? कुठे लागते?" पहिल्यांदा माणसे लाजतात. मग एकजण सांगतो, "साहेब, चष्म्यावर वाफ धरते." दुसरा सांगतो, "मोजा सैल पडतो, नळीचा खटका दाबता येत नाही." बायका सांगतात, लुगड्यावर हा अंगरखा बसतच नाही. फवारणीच्या पाण्याची ने-आण अनेक ठिकाणी बायाच करतात, आणि त्यांच्या मापाचा विचार मी तोवर केलाच नव्हता. प्रत्येक अडचणीला उपाय माझ्याजवळ असतो असे नाही. पण अडचण कळली, तर शोधता तरी येतो. आता गावात सगळे संच वापरतात, असे म्हणून मी तुमची फसवणूक करणार नाही. पण बाभळीला टांगलेले संच पूर्वीपेक्षा कमी दिसतात. माझा भाऊ मात्र अंगरखा चढवल्याशिवाय पंपाला हात लावत नाही.

मामा आता थकले आहेत. रापी त्यांच्या नातवाच्या हातात गेली. त्या बारापैकी अकरा चिलखते आजही गावात आहेत. दरवर्षी नवी पोरे ती घालतात, आणि पट्ट्याची भोके एखाद-दुसऱ्या घराने पुढेमागे होतात. माझा पुतण्या आता मिसरूड फुटलेला जवान झाला आहे. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी लहान पोरांना ओळीने उभे करून तो मोठ्या ऐटीत हुकूम सोडतो, "वाका! बसा! हात वर!" एखादे पोर कुरकुरले की तो त्याला दटावत नाही. खडू घेऊन जवळ जातो आणि विचारतो, "कुठं लागतं रे?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात खुंटीला टांगून पडलेली अशी एखादी वस्तू असेलच. फवारणीचा संच असेल, चष्मा असेल, म्हाताऱ्या आईचा नवा जोडा असेल, पोराचे दप्तर असेल. ती न वापरणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा त्याला ती घालायला सांगा, आणि हात वर करायला सांगा.